देव आठवतो तो लिफ्टमध्ये

महोदय,
मोबाइलवरून गिझर लावणाऱ्या पुणेकराला देव आठवतो तो लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा बॅटरीवर चालते. गच्चीवरच्या तापलेल्या मशीनरूममध्ये ती बॅटरी लवकर निकामी होते आणि वीज असेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. सोसायट्यांनी महिन्यातून एकदा तंत्रज्ञाकडून, लिफ्ट रिकामी असताना, पुरवठा बंद करून बघावे. सगळे आपल्या हातात आहे हा भ्रम १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हाच वाहून जायला हवा होता. अडकल्यावर प्रार्थना जरूर करावी (मीही करतो). दार मात्र ओढू नये, घंटा दाबून थांबावे.

– एक वाचक, कोथरूड