नुसता आवाज नको, 'सामना' बघा

मा. संपादक,

हल्ली कोणीही नकलाकार घोगऱ्या आवाजात 'बाई, वाड्यावर या' म्हणतो, लोक हसतात आणि निळू फुले तिथंच संपतात. मला हसू येत नाही. आमच्या गावच्या जत्रेतल्या तंबूत त्यांचा पाटील पडद्यावर आला की माझी आजी कडाकडा बोटं मोडायची, 'मुडदा बशिवला तुझा!' म्हणायची. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत!

१९७५ च्या 'सामना' चित्रपटातला त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखर कारखाना, गाव, माणसं, सगळं मुठीत. डॉ. श्रीराम लागूंच्या दारुड्या मास्तरला तो घरात ठेवून घेतो. मास्तर गावातून गायब झालेल्या मारुती कांबळेचा विषय काढतो आणि या बलाढ्य माणसाची झोप उडते. तिथं मला त्याची चक्क कीव येते. नकलेत हे कुठून येणार? चारच वर्षांनी हेच निळू फुले 'सिंहासन' चित्रपटामध्ये पत्रकार दिगू झाले, ते तर कोणी आठवतही नाही.

प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, पुण्यात माळीकाम केलेला. आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, "माळी? त्याच्या हातानं झाड जगंल व्हय!"

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी