फुलांच्या फोटोंसोबत तपशीलही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बागेतल्या फुलांची वाचकांनी काढलेली छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नेहमी येतात. खाली फुलाचे नाव असते, काढणाऱ्याचे नाव असते. पण फोटो दिवसाच्या कोणत्या वेळी, कशा प्रकाशात आणि कोणत्या शटरवर (म्हणजे उजेड किती वेळ आत घेऊन) काढला याबद्दल एक शब्द नसतो. नव्याने या छंदाला लागलेल्या माणसाला त्या एका ओळीतून खूप शिकता आले असते. ती नसते, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की कॅमेरा महाग तर फोटो चांगला. प्रत्यक्षात फुलांचे बहुतेक फोटो कडक ऊन, वारा आणि मागची गर्दी यांनी बिघडतात, आणि या तिन्हींवरचे उपाय घरातल्याच वस्तूंनी होतात.

आधी उन्हाचे पाहू. भर दुपारी पाकळीचा उन्हातला भाग पांढराफटक पडतो आणि तिच्याच घडीतली सावली काळी होते. एका फोटोत दोन्ही सांभाळणे सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाला, जमत नाही. ढगाळ दिवस किंवा सकाळचा पहिला तास सर्वांत सोयीचा. ते साधत नसेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पातळ पांढरे सुती कापड ताणून धरावे. मात्र ते फुलाच्या शक्य तितके जवळ, चौकटीच्या जेमतेम बाहेर हवे. वीस-पंचवीस सेंटीमीटरवर धरलेले कापड फुलाभोवती सगळीकडून मऊ उजेड पाडते. तेच मीटरभर वर नेले तर फुलाच्या मानाने ते लहान पडते आणि सावल्यांच्या कडा पुन्हा धारदार होतात. येथे आणखी एक गडबड हमखास होते. कापडाने फूल सावलीत जाते, पण मागची पाने उन्हातच राहतात. मग फूल मळकट आणि पाठीमागचे सगळे भगभगीत दिसते. म्हणून कापड उघडण्याआधी अशी जागा शोधावी जिथून फुलामागे सावलीतला भाग येतो. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की पाकळ्यांच्या आतला काळोख उजळतो. चुरगळलेली चंदेरी फॉइल वापरण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण तिने गुळगुळीत पाकळीवर उजेडाचे ठिपके पडतात. साधा पुठ्ठा केव्हाही बरा.

पातळ पाकळ्यांच्या फुलांना, म्हणजे कॉसमॉस, पॉपी, एकेरी गुलाब यांना, कलता सूर्य पाठीमागून घेतल्यास पाकळी आतून उजळते आणि तिच्या शिरा दिसू लागतात. अशा वेळी लेन्सच्या काचेवर थेट ऊन पडता कामा नये. हुड (लेन्सपुढे बसवायची सावलीची कडी) नसेल तर तळहाताची सावली पुरते. ढगाळ हवेच्या नियमाला एक अपवाद आहे तो चिनी गुलाबाचा (पोर्टुलाकाचा). उजेड कमी झाला की हे फूल मिटते. त्याला उन्हात पूर्ण उमलू द्यावे आणि फोटो काढण्यापुरतेच कापड धरावे.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक फोटो इथे वाया जातात आणि कारण लक्षात येत नाही. लाल जास्वंद किंवा लाल गुलाब जवळून टिपला की पाकळ्यांवरच्या सुरकुत्या, शिरा, मखमलीपणा सारे नाहीसे होते आणि फूल घोटीव कागदातून कातरल्यासारखे सपाट दिसते. फोकस अचूक असूनही असे होते. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगवेगळे नोंदवतो. लाल फुलात लाल भाग काठोकाठ भरून वाहू लागतो, तरी बाकीचे दोन जवळजवळ रिकामे असतात. कॅमेऱ्याच्या साध्या, एकरंगी हिस्टोग्राममध्ये (फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणाऱ्या आलेखात) हिरव्याला सर्वांत जास्त वजन असते आणि लालला बरेच कमी, त्यामुळे तो आलेख मधोमध, निवांत दिसतो आणि आपण फसतो. उपाय असा: तिन्ही रंगांचा स्वतंत्र हिस्टोग्राम चालू करावा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटत नाही ना एवढे पाहावे. शक्य असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवावी. आणि नंतर संगणकावर सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवू नये. लाल फुलात ते किंचित कमी केल्यावर शिरा परत दिसू लागतात, हे एकदा करून पाहावेच. गडद गुलाबी आणि शेंदरी फुलांनाही हेच लागू आहे.

पांढऱ्या फुलांचे गणित वेगळे. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. अनंत किंवा पांढऱ्या डेलियाने चौकट भरली असेल तर फूल करडे येते. तिथे एक ते दीड स्टॉप वाढवावे लागते. पण गर्द पानांच्या ढिगात एकच लहानसे तगरीचे फूल असेल तर कॅमेरा पानांकडे पाहून उजेड वाढवतो आणि फूल जळते. तिथे साधारण एक स्टॉप कमी करावे लागते. ‘पांढऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवा’ हा सल्ला अर्धाच सांगितला जातो, म्हणून हा खुलासा. पिवळ्या झेंडूने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपणहून करतो ती रंगांची जुळणी) गोंधळतो आणि रंग थंड, निळसर पडतो. तो ‘डेलाइट’वर पक्का करून ठेवावा. झाडाखाली फोटो काढताना वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, तो पांढऱ्या पाकळीवर लगेच उमटतो. तिथून कुंडी हलवणे हाच सोपा मार्ग.

आता फोकसची खोली. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर दहा सेंटीमीटरचे गोल फूल चौकटीची उंची भरून घेतले, तर एफ ८ वर (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकडा; तो मोठा तर छिद्र लहान) जेमतेम एक सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ १६ वर दोन. जास्वंदीचा मधला दांडा कित्येकदा पाच सेंटीमीटरहून अधिक पुढे आलेला असतो. समोरून फोटो घेतला तर टोकावरच्या पाच मखमली कुक्षी तरी स्पष्ट येतील नाहीतर पाकळ्या तरी, दोन्ही नाही. कॅमेरा बाजूला नेऊन दांडा सेन्सरला समांतर आणला की कुक्षींपासून खालच्या पिवळ्या परागकोशांपर्यंत सारे एकाच पातळीत येते आणि एफ ८ पुरतो. सूर्यफूल, जरबेरा यांसारख्या पसरट फुलांना समोरून, अगदी समांतर राहून घ्यावे. शेवंती, डेलियासारख्या गोलसर फुलात सर्वांत पुढच्या पाकळ्यांवर फोकस ठेवावा. मागच्या धूसर झालेल्या खटकत नाहीत, पुढच्या धूसर झाल्या की डोळा तिथेच अडखळतो. एफ १६ च्या पुढे जाऊ नये, कारण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो, त्यामुळे) सगळेच किंचित मऊ पडते. फोकस थोडाथोडा सरकवत दहा-बारा फोटो घेऊन ते संगणकावर जोडण्याची पद्धत चांगली आहे, पण फूल त्या वेळात जराही हलले तर पाकळ्यांच्या कडा दुहेरी होतात. बाहेर वाऱ्यात तिच्या नादी लागू नये.

वाऱ्याचा हिशेब डोळ्यांना पटत नाही इतका कडक आहे. वर सांगितलेल्या चौकटीत २४ मेगापिक्सेलचा सेन्सर असेल आणि फूल सेकंदाला फक्त एक सेंटीमीटर या मंद गतीने सरकत असेल, तर १/६० सेकंदाच्या शटरला ते सुमारे सात पिक्सेल फरफटते, १/२५० ला दोनहून कमी. म्हणजे ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी तो कॅमेऱ्याची थरथर थांबवतो, फुलाची नाही. १/२५० पेक्षा मंद शटर ठेवण्यापेक्षा आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून नोंदवतो त्याचा आकडा) ८०० पर्यंत वाढवणे परवडते. किंचित दाणे दिसतील, पण शिरा शाबूत राहतील. मातीत एक काठी रोवून तिला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधावा आणि फुलाचा देठ चौकटीच्या खाली त्यात हलकेच धरावा. चिमट्याच्या तोंडाला कापसाची पट्टी लावावी, नाहीतर कोवळा देठ चेचतो. वाऱ्याच्या बाजूने मोठा पुठ्ठा उभा केला तरी बराच फरक पडतो. झुळूक येते तशी थांबतेही; फूल झोक्याच्या टोकाला पोचून परत वळते तो क्षण सर्वांत स्थिर असतो, बटण तेव्हा दाबावे.

मागच्या गर्दीवर पैसा खर्च करायची गरजच नसते. फुलाच्या मागे तीस सेंटीमीटरवर भिंत असेल तर साध्या लेन्सने ती सहसा नीट धूसर होत नाही. दीड-दोन मीटर मोकळी जागा असेल तर त्याच लेन्सने होते. कुंडीतल्या झाडाचा हा मोठा फायदा आहे, ते उचलून हवे तिथे ठेवता येते. जमिनीतल्या झाडासाठी आपण खाली बसावे आणि कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा. उभ्याने घेतलेल्या फोटोत फुलामागे वाफ्यातली माती, पाण्याचा पाइप आणि वाळकी पाने येतात. बटण दाबण्यापूर्वी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवावी. कोपऱ्यातला आकाशाचा एक पांढरा ठिपका फुलापेक्षा जास्त लक्ष खेचतो, आणि कॅमेरा दहा सेंटीमीटर बाजूला सरकवला की तो पानाआड जातो.

साधनांबद्दल थोडक्यात. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) उत्तम, पण सुरुवातीला आवश्यक नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की फूल सेन्सरवर निम्म्या आकाराचे उमटते, आणि फुलांना सहसा याहून जास्त लागत नाही. टेलिझूम (दूरचे जवळ आणणारी लेन्स) असेल तर तिच्यापुढे प्लस दोन डायॉप्टर शक्तीची क्लोजअप लेन्स, म्हणजे साधे भिंग, लावावी; फुलापासून सुमारे अर्धा मीटर दूर राहता येते आणि आपली सावली फुलावर पडत नाही. मोबाइलवाल्यांनी काच आधी पुसावी. फोन फुलाच्या फार जवळ नेला की अनेक फोन आपणहून वाइड लेन्सवर जातात आणि मागची सारी बाग चौकटीत येते. त्याऐवजी थोडे मागे सरून दुप्पट किंवा तिप्पट वाढवणारी वेगळी लेन्स असल्यास ती वापरावी. पडद्यावर फुलावर बोट दाबून धरले की फोकस लॉक होतो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करावा. पोर्ट्रेट मोड फुलांसाठी टाळावा. पुंकेसरांसारखे बारीक धागे तो पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो.

फुलांच्या वेळा माहीत हव्यात. जास्वंद बहुधा एका दिवसाचीच असते. गुलबाक्षी दुपार कलल्यावर उमलते. पूर्ण वाढलेले सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरत नाही, ते पूर्वेकडे तोंड करून थांबते; त्याचा समोरून फोटो सकाळचाच. ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत वाढवतात ते निवडुंगाच्या कुळातले फूल रात्री उमलते आणि सकाळपर्यंत मान टाकते. त्यावर फ्लॅश थेट मारला की मधला भाग जळतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ ४००, एफ ११, दोन सेकंदांचा टायमर आणि विजेरीचा झोत बाजूच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारून परतलेला उजेड, एवढ्यावर ते उत्तम येते. शटर काही सेकंद उघडे राहिले तरी वारा नसेल तर चालते.

एक कळकळीची विनंती सर्व हौशी मंडळींना. फोटोसाठी फूल तोडू नये, शेजारच्या कळ्या खुडू नयेत. आड येणारे पान दोऱ्याने मागे बांधून ठेवता येते. दवबिंदू टिकावेत म्हणून ग्लिसरिनमिश्रित पाणी फवारण्याची युक्ती सांगितली जाते, तीही बागेत नको. ते चिकट राहते, त्यावर धूळ बसते. साध्या पाण्याचा बारीक फवारा दुरून, पाकळीवर धुके बसेल इतकाच मारावा. जवळून मारलेल्या जाड थेंबांनी पराग वाहून जातात आणि परागकोश ओले, काळपट दिसतात.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. वाचकांचा फोटो छापताना खाली एक ओळ द्यावी: वेळ, उजेड कसला होता, लेन्स किंवा फोन, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ. आणि फोटो मागवताना फाइल कशी हवी तेही सांगावे. दहा सेंटीमीटर रुंदीच्या छपाईला दोनशे पिक्सेल प्रति इंच धरले तरी आठशे पिक्सेल पुरतात, पण मेसेजमधून साध्या फोटोसारखी पाठवलेली फाइल दाबली जाऊन बारकावे घालवते. ती डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवावी. छपाईत लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून येतो, आणि वृत्तपत्राचा कागद शाई पिऊन ठिपके पसरवतो. पडद्यावर भडक केलेले लाल फूल छापून येताना डागासारखे दिसते ते यामुळेच. ‘रंग वाढवून पाठवू नका, सावल्या थोड्या उजळ ठेवा’ एवढी सूचना फोटो मागवणाऱ्या चौकटीत जरूर द्यावी.

कळावे,
आपला,
एक हौशी छायाचित्रकार