पामतेलाला पर्याय आपल्याच कोंड्यात आणि पेंडीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यतेल आणि वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर (तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर) २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे उत्तमच झाले. पण खारी, नानकटाईला घट्ट मोहन लागतेच. वनस्पती तुपाची ती जागा आता बरीचशी पामतेलाच्या घट्ट अंशाने घेतली आहे. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते. एक दुखणे गेले, दुसरे राहिले.

पातळ तेल हायड्रोजन न वापरताही घट्ट करता येते. तांदळाच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना मेण वेगळे निघते. ते थोडेसे, तेलाच्या ५ टक्क्यांच्या आत, गरम तेलात विरघळवून थंड केले की त्याच्या बारीक स्फटिकांची जाळी तयार होते आणि तेल तिच्यात अडकून राहते. तेलाचा मूळ गुण बदलत नाही.

प्रथिनांनी तेल घट्ट करण्याचे काम जास्त अवघड, पण मला तेच जास्त मोलाचे वाटते. सोयाबीन किंवा वाटाण्याचे प्रथिन तेलात विरघळत नाही. म्हणून आधी पाण्यात तापवून त्याची जाळी बांधायची, मग पाणी काढून स्पंजसारखे तिच्यात तेल भरायचे. दुसरी रीत म्हणजे तेलाच्या थेंबांवर प्रथिनाचे आवरण चढवून पाणी उडवायचे.

अडचणी आहेतच. मेण जास्त झाले तर टाळूला चिकटते, असंपृक्त तेल लवकर खवट होते, आणि खारीचे पापुद्रे सुटण्याइतका ताण हे मोहन धरेलच असे नाही. उष्मांकही तेलाइतकेच. नानकटाई, बिस्किटांपासून सुरुवात करणे मला शहाणपणाचे वाटते.

भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांत कोंडा आहे. लातूरच्या सोयाबीनची प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतांशी जनावरांच्या खाद्यात जाते. परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय, नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था ही जाणकार ठिकाणेही राज्यातच आहेत. राज्य सरकारने या तिघांना एकत्र निधी द्यावा आणि चाचण्या प्रयोगशाळेपुरत्या न ठेवता छोट्या बेकऱ्यांच्या भट्टीवर घ्याव्यात. त्यांचे निकाल, फसलेले प्रयोगही धरून, मराठीत जाहीर करावेत. अशा मोहनाच्या वेष्टनावर काय लिहायचे, याचे निकष अन्नसुरक्षा प्राधिकरणाने माल बाजारात येण्याआधी सोप्या भाषेत बेकरीचालकांपर्यंत पोहोचवावेत.

— एक निवृत्त अन्नतंत्र शिक्षक, लातूर