पोळं जाळू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा

मा. संपादक, स.न.वि.वि.

शिमगा जवळ आला की ठाण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो, वरच्या मजल्याच्या छज्जाखाली लटकलेलं मोठं काळपट मोहोळ, आणि त्याखाली धडाधड मेसेज की ताबडतोब पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. ह्याच विषयावर लिहितेय, कारण आत्ता सगळीकडे फुलोरा आहे आणि नेमकी आत्ताच ही पोळी जाळली जातात.

मी येऊरच्या पायथ्याशी राहते. माघ संपत आला की इकडे एकेक झाड फुलायला लागतं, काटेसावर, पळस, पांगारा, आणि कंपाउंडमधला शेवगा तर कधीच पांढरा झालेला असतो. तो शेवगा माझ्या गॅलरीला अगदी टेकलेला आहे त्यामुळे सकाळी चहा घेताना मधमाश्या हाताच्या अंतरावर दिसतात. एक माशी फुलावर उतरते, पिवळ्या परागकोशांना पायांनी धरून लटकते, तोंड आत घालते, मग उडते पण लगेच जात नाही, हवेतच थांबून पायांनी अंग झाडते आणि अंगाला लागलेले परागकण मागच्या पायांना थापते, थोड्या वेळाने तिथे पिवळ्या गोळ्या चक्क डोळ्यांना दिसतात. मध्येच मोठा काळा भुंगा येतो, त्याच्या वजनाने अख्खा घोस खाली वाकतो. ऊन चढलं की गर्दी ओसरते आणि ह्याच माश्या एसीच्या थेंबथेंब पाण्यावर दिसतात, लोकांना वाटतं त्रास द्यायला आल्यात, पण त्या पाणी नेतात ते पोळं थंड ठेवायला, पाणी आत पसरून पंखांनी वारा घालतात. (पळस-पांगाऱ्याच्या लालभडक फुलांवर पक्षी जास्त, कारण मधमाशीला लाल रंग दिसतच नाही, तरी परागासाठी त्या तिथेही जातात.)

आता मोहोळाचं. इमारतींना लटकतं ते आग्या माशीचं, एकच मोठं पोळं आणि ते उघड्यावर. सातेरी ही मधमाशी वेगळी, ती झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत राहते. आग्याचं मोहोळ एकदा तरी समोरच्या बिल्डिंगमधून दुर्बिणीने बघा. गांधीलमाशी जवळ आली की सगळ्या माश्या एकामागोमाग एक पोट वर उडवतात आणि पूर्ण पोळ्यावरून लाट सरकत जाते, एका सेकंदाचा खेळ पण काय शिस्त! खालच्या कडेला बाहेरून आलेल्या माश्या नाचतात, त्या नाचात फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब हे बाकीच्यांना कळतं. मधमाश्यांची ही भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली, त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं, आणि तोच नाच आपल्या आठव्या मजल्याच्या छज्जाखाली फुकट बघायला मिळतो.

आमच्या सोसायटीत बोलावलेल्या माणसाने रात्री टेंभा लावून मोहोळ जाळलं. सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या माश्यांचा सडा, फुटलेल्या पोळ्यात पांढऱ्या अळ्या, आणि वाचलेल्या माश्या दिवसभर त्याच जागी घिरट्या घालत होत्या. मला फार वाईट वाटलं आणि राग पण आला, कारण गरजच नव्हती. आग्या माशी एका जागी कायम राहत नाही, फुलोरा संपला, पाऊस जवळ आला की त्या आपणहून पोळं सोडून जातात.

भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. आग्या चिडली तर जीवावर बेतू शकतं. एक माशी डसली की तिच्या वासाने बाकीच्या धावून येतात, म्हणून दगड, फटाके, खालून धूर हे बिलकुल नको. रात्री पोळ्याजवळच्या गॅलरीतले दिवे बंद ठेवा, उजेडाला त्या घरात येतात. मुलांना तिथे बॉल खेळू देऊ नका. कोणाला डसल्यावर धाप लागली, चेहरा सुजला तर घरगुती उपाय न करता सरळ हॉस्पिटल गाठा. आणि मोहोळ खरंच अडचणीच्या जागी असेल, शाळेच्या दाराशी किंवा लिफ्टच्या खोलीत, तर न जाळता काढणारी जाणकार माणसं असतात, त्यांना बोलवा.

अजून एक, सोसायटीच्या बागेत औषध फवारायचं असेल तर फुललेल्या झाडांवर सकाळी मारू नका, तेव्हाच माश्या फुलांवर असतात. संध्याकाळी मारा, फुलं सोडून मारा, आणि शक्यतो झाड फुलात असताना मारूच नका.

आपल्याला विनंती एवढीच की ठाणे-नवी मुंबईत मोहोळ न जाळता हलवणाऱ्या लोकांचे फोन नंबर आपल्या पेपरात होळीच्या आत एकदा छापा, म्हणजे सेक्रेटरींच्या हाताशी पेस्ट कंट्रोलशिवाय दुसरा नंबर असेल.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे (प.)