काका, त्या दिवशी पंप बंद करायला लावलात त्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही टाकीसमोर स्टूल ओढून बसलात, अर्धा तास काही बोलला नाहीत आणि उठताना एवढंच म्हणालात, "डाव्या कोपऱ्यात प्रवाह कमी पडतोय." तुम्ही गेल्यावर लक्षात आलं, तीन वर्षांत मी तुमचे आभार एकदाही धड मानलेले नाहीत. समोरासमोर मानायला गेले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरात समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी उभी करायला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटत नाही. तुम्ही मला ज्या ज्या वेळी "थांब" म्हणालात, त्यातलं थोडं तरी त्यांच्यापर्यंत पोहोचावं.

पहिलं "थांब" कागदावरच आलं होतं. 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच अशी टाकी मी काढून तुम्हाला पाठवली. कुठले मासे, कुठलं कोरल, कुठले दिवे, सगळं लिहिलं होतं. तुमचा उलटा प्रश्न एकच: "खाली काय आहे?" मग तुम्हीच हिशेब मांडलात. 24 घनफूट म्हणजे जवळपास 680 लिटर, खारं पाणी म्हणून जवळपास 700 किलो. त्यावर 12 मिलिमीटरची काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे स्टँडमधली दुसरी छोटी टाकी. आकडा टनाच्या पुढे गेला. मी जागा धरली होती खोलीच्या मधोमध, खिडकीजवळ. इमारतीचा इंजिनिअर येऊन बीम कुठे आहे ते दाखवेपर्यंत तुम्ही मला काचेची ऑर्डर देऊ दिली नाहीत. टाकी आतल्या भिंतीला गेली. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खिडकीचा उजेड पाण्यावर पडताना मी मनात पाहून ठेवला होता. तोच उजेड उन्हाळ्यात पाणी तापवतो आणि काचेवर शेवाळ पोसतो, हे पुढे कळलं.

आता त्या पंपाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त आभार त्याचेच मानायचे आहेत.

प्लंबिंग पूर्ण झालं होतं. गळती तपासायला टाकीत साधं पाणी भरलं होतं. ओव्हरफ्लोमधून पाणी खाली सम्पमध्ये पडत होतं, रिटर्न पंप ते वर चढवत होता, आवाजही फार नव्हता. दोन दिवस एक थेंब गळला नव्हता. दुसऱ्या दिवशी मीठ कालवायचं ठरलं होतं. तुम्ही आलात, स्टँडचं दार उघडून सम्पकडे पाहिलंत, वर रिटर्नच्या नळीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पंप बंद कर."

मी केला. रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्याखाली 8 सेंटिमीटरवर होतं. पंप थांबला तसं त्याच नळीतून पाणी उलटं वाहायला लागलं, सायफन लागला. टाकीचा पृष्ठभाग सुमारे 180 बाय 60 सेंटिमीटरचा, म्हणजे पातळी 1 सेंटिमीटर उतरली की जवळपास 11 लिटर पाणी खाली येतं. 8 सेंटिमीटरचे झाले 85 लिटरच्या वर. माझ्या सम्पमध्ये जागा उरली होती 40 लिटरची. कडेवरून पाणी सांडायला लागलं तेव्हा मी घाबरून प्लग परत लावायला धावले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "लाव. पण वीज रात्री 2 वाजता जाते तेव्हा तू इथे नसतेस."

ते साधं पाणी होतं. फरशी पुसली, संपलं. खारं पाणी असतं, तेही टाकीत जीव असताना, तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. त्या संध्याकाळी आपण नळीचं तोंड वर घेतलं, पृष्ठभागाच्या जेमतेम खाली. पाण्याच्या रेषेलगत नळीला बारीक भोक पाडलं, म्हणजे पातळी जरा उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. शिवाय तुम्ही बजावलंत की भोकावर एकट्यावर विसंबायचं नाही, त्यात शेवाळ भरतं, कधी गोगलगाय बसते. चेक व्हॉल्व्हवरही नाही, त्यात कवच धरतं आणि झडप अडकते. खरा भरवसा सम्पमधल्या रिकाम्या जागेचा. म्हणून सम्पच्या काचेवर मार्करने रेघ ओढलीत: पंप चालू असताना पाणी याच्या वर नको. मग पंप दहा वेळा बंद-चालू करायला लावलात, आणि दहाही वेळा पाणी कुठपर्यंत चढतं ते मी लिहून ठेवलं. ती रेघ पुसट झाली होती, गेल्या महिन्यात मी पुन्हा गडद केली.

मिठाचं काम त्या मानाने सोपं गेलं. आरओडीआयचं, म्हणजे गाळून पूर्ण शुद्ध केलेलं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. रात्रभर पंपाने ढवळत ठेवायचं. आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नाही, 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मिठाच्या) द्रावणानेच जुळवून घ्यायचा. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची. हे शेवटचं वाक्य तुम्ही मला तीनदा ऐकवलंत, आणि नवीन माणसाला मी आता तीनदा ऐकवते.

नंतरचे सहा आठवडे मात्र मला जड गेले. टाकीत नुसते दगड, वाळू आणि फिरणारं पाणी. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, मासे कुठे आहेत? दगडांत जिवाणू रुजावेत म्हणून मी पाण्यात अमोनिया घालून 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 2 भाग) नेत होते आणि रोज मोजत होते. अमोनिया उतरला तसा त्यापासून बनणारा नायट्राइट चढला, आणि तिथेच अडकून बसला. तेव्हाच वाळूवर, दगडांवर तपकिरी डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा थर आला. सगळे दगड काढून घासावेत असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "त्याला खायला सिलिकेट आहे तोवर तो राहील. संपलं की जाईल. हात लावू नकोस." त्या संध्याकाळी तुम्ही ली चिन एंग यांच्याबद्दल सांगितलंत. इंडोनेशियात राहणाऱ्या या माणसाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, आजची यंत्रं काहीच नसताना, समुद्रातून आणलेले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच बळावर प्रवाळ टाकीत जगवले होते. दगड म्हणजे शोभा नाही, टाकीचं पोट आहे, हे मला तेव्हा समजलं. वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि आत खोल छिद्रांत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेट फोडून नायट्रोजन मोकळा करतात. एके दिवशी घातलेला 2 पीपीएम अमोनिया 24 तासांत नाहीसा झाला आणि नायट्राइटही शून्य आलं. मी फोन केला. तुम्ही म्हणालात, "आता विचार, मासा कोणता."

पहिल्या क्लाउनफिशच्या जोडीबद्दल आपलं जवळपास भांडणच झालं होतं. मला दोन्ही मासे थेट मोठ्या टाकीत सोडायचे होते. तुम्ही स्वतःची छोटी क्वारंटाइन टाकी माझ्या घरी आणून ठेवलीत. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. दगड नाही, कारण दगड तांबं शोषतो आणि औषधाची मात्रा बिघडते. बाराव्या दिवशी धाकट्या माशाच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. क्रिप्टोकॅरिऑन, माशांच्या अंगावर वाढणारा परजीवी. तेच मोठ्या टाकीत झालं असतं तर परजीवीने दगडांवर, वाळूवर गाठी धरल्या असत्या, आणि तांब्याचं औषध तिथे घालता आलं नसतं, कारण त्याने कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळंच मरतं. मग एकच उपाय उरतो: सगळे मासे बाहेर काढायचे आणि टाकी माशांविना रिकामी ठेवायची. तुमच्या हिशेबाने 76 दिवस. तुम्ही "बघ, सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाहीत. रोज येऊन तांब्याची मात्रा मोजून गेलात. दोन्ही मासे आज टाकीत आहेत. त्यातला मोठा आता मादी आहे, आणि डाव्या दगडाखाली अंडी घालते.

एक "नको" मात्र ओरडून आलं होतं. एका दगडावर तपकिरी बटण पॉलिप (बटणासारखे दिसणारे, कोरलच्या जातकुळीतले जीव) इतके माजले होते की तो दगड उकळत्या पाण्यात घालून साफ करावा असं मला सुचलं, आणि सहज म्हणून मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नाही. त्या पॉलिपच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, ते उष्णतेने सहज नष्ट होत नाही, आणि अशा दगडाच्या वाफेने माणसं रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत. वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं: असा दगड उकळायचा नाही, कोरडा घासायचा नाही, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावायचा नाही. त्या फोनबद्दल वेगळे आभार मानते. त्या दिवशी घरी माझी आईही होती.

आणि वही. कोरल यायला लागले तेव्हा तुम्ही स्वतःची जुनी वही मला वाचायला दिलीत. तारीख, वेळ, तापमान, अल्कलिनिटी (ढोबळमानाने पाण्यातलं कार्बोनेट), कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि शेवटच्या रकान्यात "काय बदललं". बहुतेक पानांवर त्या रकान्यात लिहिलेलं होतं: काही नाही. त्याचा अर्थ कळायला मला एक चूक करावी लागली. माझ्याकडचा अक्रोपोरा, फांद्यांचं एक कोरल, वाढायला लागला तसा तो सांगाड्यासाठी पाण्यातून कार्बोनेट आणि कॅल्शियम ओढू लागला, आणि अल्कलिनिटी 8.4 डीकेएचवरून (हे तिचं माप) 6.9वर आली. मी घाबरले, एका रात्रीत बफर, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारी पूड, घालून 9.5वर नेली. चार दिवसांत फांद्यांची टोकं पांढरी पडून सोलली. तुम्ही म्हणालात, 7 वर सुखाने जगणारं कोरल आहे आणि 9 वरही आहे, पण आज 7 आणि उद्या 9 असं जगणारं मी पाहिलेलं नाही. मग शिकवलंत की सांगाडा बनताना दर 2.8 डीकेएचमागे साधारण 20 पीपीएम कॅल्शियम खर्च होतं, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे. अल्कलिनिटी झपाट्याने घसरली आणि कॅल्शियम जागेवर दिसतं, म्हणून पाणी तपासायच्या किटवर संशय घ्यायचा नाही. कॅल्शियमचा साठाच इतका मोठा की 20ची घट नजरेत भरत नाही. त्यानंतर रोज मोजून, रोजच्या खर्चाएवढीच भर डोसिंग पंपाने (ठरलेली मात्रा सोडणाऱ्या छोट्या पंपाने) दिवसभरात थोडी थोडी घालायला मी शिकले. माझ्या वहीतही आता "काही नाही" लिहिलेली पानं जास्त आहेत.

तो अक्रोपोरा तुमचाच होता. करंगळीच्या पेराएवढा हिरवा तुकडा, छोट्या प्लगवर, म्हणजे बुडाच्या चकतीवर चिकटवलेला. देताना तुम्ही म्हणाला होतात, "वाढव. कधी लागला तर मागेन." मला तो बोलण्यातला मोठेपणा वाटला होता.

गेल्या वर्षी तुमच्या हीटरचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेतच अडकला. सकाळपर्यंत पाणी 33 अंशांवर गेलं. बारा वर्षं वाढवलेली ती हिरवी वसाहत दोन दिवसांत पांढरी झाली. मी आले तेव्हा तुम्ही टाकीसमोर बसला होतात, आणि पहिल्यांदाच मला काय बोलावं ते सुचलं नाही. आठवड्याने फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्याकडचा तुकडा केवढा झालाय?"

तो दोन्ही हातांच्या ओंजळीएवढा झाला होता. मी सगळ्यात निरोगी पाच फांद्या कापल्या, डिपमध्ये, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात, बुडवून तपासल्या आणि तुमच्या टाकीचं पाणी ठीक झाल्यावर घेऊन आले. तुम्ही स्वतः चिकटवायच्या जेलचा थेंब लावून एकेक बसवलात. हात थोडा थरथरत होता, म्हणून चौथा आणि पाचवा मला बसवू दिलात. त्यानंतर दोन हीटर, अर्ध्या अर्ध्या ताकदीचे, आणि त्यांच्यावर वेगळा कंट्रोलर, हे तुम्ही तुमच्याकडे बसवलंत आणि त्याच दिवशी माझ्याकडेही.

परवा तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पाचांपैकी चार फांद्यांनी बूड धरलंय, दगडावर हिरवी कड पसरतेय, आणि पॉलिप पूर्ण बाहेर आहेत. पाचवी जरा मागे आहे, ती मी बसवलेली. रविवारी येऊन बघते. डाव्या कोपऱ्यातल्या पंपाचं तोंड मी फिरवलंय, तेही तुम्ही येऊन बघा. बाकी काही बदललेलं नाही.

कृतज्ञतापूर्वक,
तुमची विद्यार्थिनी