दप्तर तपासा, पण मुलींची अब्रू ठेवा

संपादक साहेब, नमस्कार. माझी मुलगी सोलापुरातल्या एका शाळेत सातवीत आहे. मागच्या आठवड्यात वर्गात कुणाचे तरी पैसे हरवले म्हणून सरांनी सगळ्यांची दप्तरं बाकावर रिकामी करायला लावली, आणि हिच्या दप्तरातून कंपासपेटीबरोबर कागदात गुंडाळलेला पॅडसुद्धा पोरांच्या समोरच बाहेर पडला. दोन दिवस पोरगी शाळेत जायलाच तयार नव्हती, नीट जेवलीपण नाही. पैसे तर सापडले नाहीतच.

तपासणी करूच नका असं मी म्हणत नाही, शाळेत तंबाखू, गुटखा, मोबाईल येतात हे आम्हालापण माहितीये. पण मुलींची दप्तरं बाईंनी बघावीत, बाजूला नेऊन बघावीत, आणि घरी एक फोन करावा, एवढं अवघड आहे का? सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या बेंचने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 मध्ये मुलांना मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी सगळ्या शाळांना याबद्दल लेखी सूचना द्याव्यात ही विनंती.

– एक आई, विडी घरकुल, सोलापूर