‘पातळ आहार द्यावा’ हे वाक्य दुरुस्त करावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील पक्षाघातावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्या साडेचार तासांचे महत्त्व, रक्तदाब, हातापायांचे व्यायाम हे सारे त्यात नीट आले आहे आणि त्याबद्दल लेखक डॉक्टरांचे आभार मानायलाच हवेत. परंतु गिळण्याविषयी पानभर लेखात एकच वाक्य आहे आणि तेच घातक आहे : ‘घरी आल्यावर रुग्णाला हलका, पातळ आहार द्यावा.’

चार वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या यजमानांच्या डिस्चार्ज कार्डावर होते आणि मी ते अक्षरशः पाळले. पेज गाळून दिली, मोसंबीचा रस दिला, वरणाचे वरचे पाणी चमच्याने भरवले. त्यांना एकदाही ठसका लागला नाही, म्हणून मी निर्धास्त होते. जेवणानंतर त्यांचा आवाज घशात पाणी अडकल्यासारखा ओलसर येई, तो मी अशक्तपणा समजले. सहाव्या दिवशी ताप चढला, धाप लागली आणि न्यूमोनियामुळे अकरा दिवस पुन्हा आयसीयूत काढावे लागले. तेथे बेरियमचा घोट देऊन घेतलेली क्ष-किरण चित्रफीत डॉक्टरांनी मला दाखवली. पातळ घोट सरळ श्वासनलिकेत उतरत होता आणि त्यांना साधा खोकलाही येत नव्हता, कारण घशाची जाणीवच बोथट झाली होती. तो घोट रोज मीच त्यांच्या तोंडात घालत होते, हे मी अजून विसरू शकलेले नाही.

घास घशातून खाली उतरायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि तेवढ्यात श्वासनलिकेचे दार मिटावे लागते. मेंदूला इजा झाली की ते मिटणे लांबते. पाणी, चहा, ताक तोवर थांबत नाहीत, धावतात. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना हा त्रास होतो. पुष्कळांचा तो दोनेक आठवड्यांत निवळतो, पण न्यूमोनिया गाठतो तो बहुधा याच दिवसांत. म्हणूनच गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटच काय, गोळीसुद्धा तोंडाने देऊ नये, असा उपचारांचा नियम आहे. सरसकट दाट पदार्थ द्यावेत असेही मी म्हणत नाही, कारण काहींच्या घशात दाट अन्न साचून राहते. कोणाला किती दाट हे तपासूनच ठरवावे लागते आणि ते काम बहुतेक ठिकाणी स्पीच थेरपिस्ट करतात. ‘यांचे बोलणे तर स्पष्ट आहे, मग स्पीच थेरपिस्ट कशाला?’ असे मीही तेव्हा विचारले होते. लेखात त्यांचा उल्लेखच नसल्याने तुमचे वाचकही तेच विचारतील.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यात रुग्ण उशीवर मान मागे टाकून आडवा पडला आहे आणि सूनबाई त्याला फुलपात्राने पाणी पाजत आहेत. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिकच मोकळी होते. आपल्या घरांत ठसका लागलेल्या माणसाला ‘वर बघ, वर बघ’ म्हणत टाळूवर थोपटण्याची रीत आहे. आम्हाला मात्र याच्या नेमके उलट, ताठ बसवून हनुवटी छातीकडे झुकवायला शिकवले गेले आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका, दोन्ही वेळा तोंड आतून स्वच्छ पुसा, असे बजावले गेले. कवळीखाली राहिलेले भाताचे शीत आणि त्यातले जंतूही फुप्फुसात उतरू शकतात, हे त्याआधी मला कोणी सांगितले नव्हते.

आज यजमान टेबलाशी बसून मऊ भात खातात. चहा मात्र अजून दाटसर करूनच घेतात. माझी विनंती एवढीच की, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत ते वाक्य दुरुस्त करून छापावे. तुमच्या पुरवणीतली आरोग्याची पाने लोक कापून ठेवतात, मीही ठेवते.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा